मुकुलच्या खात्यावरची वेबसाइट

मुकुलचा तोरा नलिनीबाईंना पहिल्यापासून खटकत होता. विक्रोळीतलं त्यांचं मंडळ आजाऱ्यांना चाकांच्या खुर्च्या, वॉकर फुकट वापरायला द्यायचं. कुठली वस्तू सध्या कुणाच्या घरी आहे, ते वेबसाइटवर दिसायचं. ती मंडळातल्याच मुकुलने बनवून स्वतःच्या खात्यावर ठेवलेली. मंडळातल्या दीप्तीने पासवर्ड मागितला, तर पठ्ठ्याने फुगून वेबसाइटच बंद केली. आज नाहूरच्या अण्णांना हॉस्पिटलातून घरी आणायचं होतं आणि खुर्ची कुणाकडे आहे, कुणालाच सांगता येईना.

नलिनीबाई तडक मुकुलच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, दीप्ती सगळी वाट लावेल," तो म्हणाला. "एकट्याने बनवलीय मी ती."

"मंडळाची मोठी पातेली माझ्याकडे असतात ना रे? गावाला जाताना खोलीची चावी कुठे ठेवते मी?"

"शेजारी."

"का? शेजारीण माझ्यापेक्षा पातेली चांगली घासते म्हणून? माझ्यावाचून कुणाचं कार्य अडू नये म्हणून. आता आधी अण्णांची खुर्ची शोध, मग माझ्यासमोर दीप्तीला पासवर्ड दे. वेबसाइट तू बनवलीस, कबूल. पण आजपासून ती तुझ्या एकट्याच्या हातात राहणार नाही. आणि ती खुर्ची नाहूरला तूच पोचवायचीस."