भावाच्या पेट्या

खरेदी विभागाची सूत्रं हाती घेतली त्याच आठवड्यात बाईंनी सगळ्यांना बोलावलं.

"जुना पुरवठादार आहे म्हणून कुणाचं काम यापुढे आपोआप चालू राहणार नाही. आधी माल तपासायचा, मग ठरवायचं. आणि आपले पंप ज्या लाकडी पेट्यांतून जातात, त्या माझा धाकटा भाऊ बनवतो. त्या निवडीत मी नसेन. तुम्ही ठरवा."

कुणी हूं की चूं केलं नाही. चहात साखर किती हवी यावरही तासभर भांडणारा, विभागातला सगळ्यांत जुना माणूस, ज्याला सगळे वकील म्हणत, तोसुद्धा गप्प बसला.

पुढे निर्णय आला, तो भावाच्याच बाजूनं. बाईंना आधी हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. त्या तडक गोदामात गेल्या. चाचणीसाठी उंचावरून टाकलेल्या दोन पेट्या तिथे अजून पडल्या होत्या. दुसऱ्या पुरवठादाराची धडधाकट होती, भावाच्या पेटीचा कोपरा निखळला होता.

"वकील, या तुमच्यासमोरच टाकल्या ना?"

"हो."

"मग?"

"मॅडम, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तुमचा नियम नवा आहे, पण खुर्ची जुनीच आहे. आजवर खुर्चीत बसणाऱ्याच्या मनातलं ओळखणं हेच आमचं काम होतं."

बाईंना ते झोंबलं. राग येणार, तोच कळलं की माणूस खरं बोलतोय. आपण बाजूला झालो म्हणजे यांची भीती गेली, असं आपण धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो निर्णय रद्द केला आणि शेवटची सही गुणवत्ता विभागाकडे सोपवली. आपल्या माणसांना त्या म्हणाल्या, "प्रामाणिकपणे चुकलात तर मी पाठीशी आहे. मला खूश करायला बरोबर ठरवलंत, तरी नाही."

भावाचं काम गेलं. भावजयीचा फोन आला. "ताई, परक्यानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं हो."



काम गेलेल्या कुणालाही कारण विचारता येईल, असा नवा नियमच होता. भाऊ आला, पाहुण्यांच्या बाकावर बसला. वकिलानं त्याला गोदामात नेऊन तो कोपरा दाखवला, खिळे कुठे कमी पडले तेही सांगितलं. जाताना भाऊ बाईंच्या दारात क्षणभर थांबला. "सांगणारा माणूस सरळ आहे तुझा," एवढंच म्हणाला. चहाला थांबला नाही.

काही महिन्यांनी बाईंनी स्वतःहून रंगाचा एक पुरवठादार सुचवला. बैठकीत वकील म्हणाला, "हा नको. याच्या रंगाला पोपडे येतात." बाईंनी बाजू मांडून पाहिली. तेवढ्यात एरवी मान खाली घालून बसणारी एक मुलगीही म्हणाली, "मॅडम, मलाही नाही पटत." बाई हरल्या. मनात जरासं टोचलं, पण बैठकीतून बाहेर पडताना पाऊल हलकं पडत होतं.

संध्याकाळी त्यांनी भावाला फोन लावला. त्यानं उचलला. मुलांच्या परीक्षांबद्दल बोलला, हाताखाली नवा सुतार घेतल्याचं सांगितलं. पेट्यांचा विषय दोघांनीही काढला नाही. पूर्वीसारखं अजून झालं नव्हतं आणि घाई करून होणारही नव्हतं.

"रविवारी येऊ का?" बाईंनी विचारलं.

तो म्हणाला, "ये की."