पहिला लाल

आमच्या धंद्यातला एक नियम कुठेही लिहिलेला नाही, पण सगळ्यांना तोंडपाठ आहे. उशीर सगळ्यांचाच होतो. जो पहिला बोलेल तो मेला.

नव्या सर्व्हरचं लाँच म्हणजे शंभर ठिकाणांहून माल येणार, आणि एकाचा अडला की सगळं अडलं. म्हणून दर सोमवारी मीटिंग. पडद्यावर ज्याच्या त्याच्या मालापुढे रंग: वेळेवर येणार असेल तर हिरवा, नाहीतर लाल. आता गंमत बघा. माल निम्म्या लोकांचा अडलेला असतो आणि पडदा मात्र हिरवागार! दुसरा कुणीतरी आधी लाल म्हणेल म्हणून जो तो दबा धरून बसलेला असतो. एकदा कुणी बोललं की लाँच त्याच्या नावाने पुढे ढकललं जातं आणि बाकीच्यांना फुकटात वेळ मिळतो. तोवर अळीमिळी गुपचिळी.

माझ्याकडे नळ्या मागवायचं काम होतं. हे नवे सर्व्हर इतके तापतात की पंख्यांनी भागत नाही, आतून पाणी खेळवावं लागतं. त्या नळ्या बनवायचे ऑर्व्हिल स्टुट्झमन, तिकडे इंडियानात. सत्तरी गाठलेला, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचा माणूस, चाळीसेक कामगार, त्यातले निम्मे त्यांच्याच चर्चमधले. आमच्याच सांगण्यावरून त्यांनी ट्रॅक्टरच्या नळ्यांची जुनी कामं सोडली होती. आमचं काम गेलं तर कारखान्याला कुलूपच.

ऑगस्टमध्ये त्यांचा स्वतःहून फोन आला. "बर्निस, या खेपेतल्या नळ्या तापल्या की सांध्यात पाझरतायत. थेंबभरच. पण मी त्या देणार नाही. नव्या करतो, तीन आठवडे दे."

सर्व्हरवर थेंबभर पाणी म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. सोमवारी मी लाल म्हणाले. खरं सांगते, त्या खोलीत सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडलेला ऐकू आला मला! सर्व्हर बसवायचे लोखंडी सांगाडे बघणारा गॅरेट तर खुर्चीत ऐसपैस रेलला. त्याचे सांगाडे मेक्सिकोतल्या कारखान्यात अजून कापायलाही घेतले नव्हते. आदल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये बर्गर चावत त्यानेच सांगितलं होतं मला.

आमचा साहेब ट्रेंट म्हणाला, "म्हणजे नळ्यांमुळे लाँच महिनाभर पुढे."

"गॅरेट, तुझं काय?" मी विचारलं.

"माझं हिरवं आहे की," गॅरेट म्हणाला. निर्लज्ज मेला!

ऑर्व्हिलच्या नळ्या कबूल केल्या दिवशी आमच्या कोलंबस शहरातल्या गोदामात आल्या. एक थेंब गळत नव्हता. पण जोडायच्या कशाला? सांगाड्यांचा पत्ताच नव्हता. ते आले आणखी दोन आठवड्यांनी, गुपचूप, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. वरच्या लोकांना कारण आधीच कळवून झालं होतं ना. आणि त्यावर कडी म्हणजे ट्रेंटने जाहीर केलं, पुढच्या सर्व्हरच्या नळ्या दुसऱ्या कंपनीकडून घ्यायच्या. "ज्यांच्यामुळे आपल्याला उशीर झाला, त्यांना परत कशाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला मीटिंगमधून उठवलं आणि तडक त्याच्या खोलीत नेलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी देतोयस तू! त्यांच्या नळ्या गोदामात धूळ खात पडल्या होत्या. गॅरेटला विचार ना सांगाडे कुठे होते!"

"मला माहीत आहे कुठे होते."

"माहीत आहे?"

"बर्नी, सगळ्यांनाच माहीत असतं." तो शांतपणे म्हणाला. त्याची ती शांतता पाहून तर मला त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं. "पण लाल तू म्हणालीस. मी वर काय सांगू, आमचे सगळेच खोटं बोलत होते?"

"हो! तेच सांग!"

"आवाज खाली."

नाही केला खाली. ऑर्व्हिलना काढलंस तर मीही चालले, आणि जाताना वरच्या मजल्यावर सगळं ओकून जाईन, असं बजावलं. दारापाशी चारदोन माणसं थबकली. शेवटी ट्रेंट वैतागून म्हणाला, "बरं बाई, एक संधी. पुढच्या नळ्या मार्चच्या पहिल्या तारखेला हव्यात. पण त्यांच्याकडून पुन्हा लाल ऐकला तर विषय संपला."

मी जिंकल्यासारखी गाडी काढली आणि इंडियाना गाठलं. ऑर्व्हिलनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "मार्चची पहिली ना? लिही. होईल."

"खरंच होईल?"

"नाही. नीट तपासायच्या तर एप्रिल उजाडेल."

"मग मला एप्रिल सांगा ना!"

"तुला एकदा खरं सांगून बघितलं, पोरी." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "तपासणी आखडती घेईन. नळी पहिल्या महिन्यात गळत नाही, नंतर गळते. तोवर तुमचं लाँच झालेलं असतं."

"ऑर्व्हिल, तुम्ही बोलताय हे? तुम्ही?" मी किंचाळलेच. यंत्रांवरच्या बायकांनी माना वर केल्या.

"ओरड. ट्रेंटवरही ओरडलीसच की. काय झालं?" त्यांनी त्या बायकांकडे बोट केलं. "घरी जा म्हणून यांना तू सांगतेस, की मी सांगू?"

संताप तर अनावर झाला होता, पण काढू कुणावर? ऑर्व्हिलवर? त्या माणसाला खोटं बोलायला आम्हीच शिकवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. ट्रेंट.

"झालं का बोलणं? पडदा भरतोय मी. रंग सांग."

ऑर्व्हिल माझ्याकडे बघत नव्हते. ते पुन्हा यंत्रापाशी जाऊन एका बाईला काहीतरी दाखवत होते.

"हिरवा," मी म्हणाले.

"शाब्बास, बर्नी!" ट्रेंट म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच शाब्बास म्हटलं.