बाबांचा कॉम्प्रेसर

सुक्या बर्फाच्या माऱ्याने साचे साफ करायचं यंत्र लेकीने घेतलं, तेव्हा त्याला हवा पुरवायला बाबांनी आपला रंगकामातला जुना कॉम्प्रेसर पुढे केला. "दाब चिक्कार आहे, नवा कशाला?"

"बाबा, मिनिटाला हवा किती ते बघायचं, आणि तीही कोरडी लागते," हे ती आठवडाभर सांगून थकली. शेवटी तिने तोच जोडला. पंधरा सेकंदांत हवा संपली आणि हवेतल्या ओलाव्यामुळे नळी बर्फाने तुंबली. बाबांनी चपला घातल्या आणि लेकीला घेऊन कॉम्प्रेसरचं दुकान गाठलं.

दुकानदार दाबाचे आकडे सांगू लागताच ते खेकसले, "दाब सगळेच सांगतात हो. मिनिटाला हवा किती, आणि कोरडी आहे का, ते बोला."

दुकानदाराने बिचकून लेकीकडे पाहिलं.

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली, "मी त्यांच्याकडूनच शिकतेय."