जुळलेलं रक्त

“जुळलं,” डॉ. तळपदे म्हणाल्या. “मोठीचं जुळलं. अगदी पूर्ण.”

रत्नाबाईने आधी नवऱ्याकडे पाहिलं. बॉयलरवरच्या कामाने काळवंडलेले हात मांड्यांवर ठेवून आनंदा खुर्चीच्या कडेला बसला होता. त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मग तिने कमळीकडे पाहिलं. अकरा वर्षांची कमळी भिंतीवरच्या हाडांच्या चित्रासमोर उभी होती. बोलणं आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळलं होतं.

हे सत्त्याऐंशी सालचं. आनंदा पाथर्डीकडचा, दुष्काळानंतर बोईसरला आला आणि एमआयडीसीतल्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर लागला. रत्नाबाई चाळीतल्या एका खोलीत वीस-बावीस कामगारांचे डबे करायची. कमळी आणि तिच्याहून पाच वर्षांनी धाकटी सोमी, अशा दोन मुली. सोमीच्या पिंढऱ्यांवर निळे डाग दिसायला लागले तेव्हा रत्नाबाईला वाटलं, पोर धडपडते फार. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ताप हटेना. बोईसरच्या डॉक्टरांनी रक्तवाढीचं औषध दिलं. पालघरच्या डॉक्टरांनी रक्त काचेखाली पाहिलं आणि त्याच दुपारी चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. रक्ताचा कॅन्सर. दीड वर्ष सुया, सलाईन, गेलेले आणि पुन्हा आलेले केस. रोग दबला. आणि आता परत वर आला होता.

डॉ. तळपदे तेव्हा चाळिशीच्या असतील. त्यांनी काही लपवलं नाही. सोमीच्या हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होतं तो, औषधांनी आणि किरणांनी पार मारून टाकायचा आणि त्या जागी कमळीचा घालायचा. आपल्याकडे असं थोड्याच मुलांचं केलं आहे. त्यातली काही वाचली. दुसरा उपाय नाही.

कमळीने विचारलं, दुखेल का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढताना झोपेचं औषध देऊ, नंतर कंबर चारआठ दिवस दुखेल. किती काढणार, हेही तिने विचारलं. बाटलीभर, पण तुझं तुला पुन्हा भरून येईल, असं त्या म्हणाल्या. कमळीने थोडा विचार केला.

“घ्या,” ती म्हणाली. “पण बरी झाली की माज्या वह्यांना हात नाय लावायचा तिने.”

कितीतरी महिन्यांनी आनंदा हसला. दोघी बहिणींचं एका खोलीत जे चालायचं ते त्याला ठाऊक होतं. सोमी वह्यांची पानं फाडायची, कमळी तिला चिमटे काढायची, आणि रत्नाबाई दोघींच्या पाठीत एकेक घालायची.

काढायच्या दिवशी कमळी दुपारपर्यंत गुंगीत होती. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं ते, दिलं का तिला. संध्याकाळी नर्सने तिला चाकांच्या खुर्चीवर बसवून काचेपर्यंत नेलं. आतल्या खोलीत टक्कल पडलेली सोमी उशांना टेकून बसली होती, आणि वरच्या पिशवीतून गडद लाल धार नळीने तिच्या छातीशी उतरत होती. सोमीने काचेकडे बघून जीभ दाखवली. कमळीनेही दाखवली.

पुढचे तीन आठवडे रत्नाबाई त्या काचेबाहेर जगली. आनंदा रात्रपाळी करून सकाळच्या शटल गाडीने यायचा, दुपारी परत जायचा. कमळी शेजारच्या गोजराबाईकडे राहून शाळेत जात होती. बाविसाव्या दिवशी डॉ. तळपदे जवळजवळ धावतच आल्या. सोमीच्या रक्तात नव्या पेशी दिसल्या होत्या. कमळीच्या. रुजल्या, असा शब्द त्यांनी वापरला, आणि शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या रत्नाबाईला तो लगेच कळला. रविवारी कमळी आली तेव्हा वॉर्डातल्या आयांना सांगत सुटली, आमच्या सोमीच्या अंगात आता माझं रक्त आहे.

पाचव्या आठवड्यात सोमीच्या तळहातांवर लाल पुरळ उठला. मग तळपायांवर. मग कातडी सुटायला लागली, जुलाब थांबेनात, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टर औषधं वाढवत होते, बदलत होते. एका रविवारी दुपारी त्यांनी आनंदाला बाजूला घेऊन बराच वेळ समजावलं. तो बाकावर येऊन बसला आणि रत्नाबाईला त्याला जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं.

“कमळीच्या पेशी सोमीच्या अंगाशी भांडत्यात म्हनं.”

अठ्ठावन्नाव्या दिवशी सोमी गेली. सहा वर्षं पुरी होऊन तीन महिने झाले होते.

बोईसरला आणल्यावर काय काय झालं ते रत्नाबाईला नंतर आठवेना. एक मात्र आठवत राहिलं. बाया उठून गेल्या होत्या, खोलीत फक्त आनंदा आणि गोजराबाई होती, आणि कमळी पाण्याचा पेला घेऊन आली. “आई, पी ना थोडं,” म्हणाली. रत्नाबाईने वर पाहिलं. समोर ती होती, धडधाकट, लाल गालांची. आणि तोंडातून शब्द गेला.

“तुजंच रक्त नडलं तिला.”

आनंदा “अगं” एवढंच म्हणाला. कमळीने पेला खाली ठेवला, अगदी जपून, आणि ती बाहेर गेली. रडली नाही. रात्री नेहमीसारखी जेवायला आली. रत्नाबाईला वाटलं, पोरगी आहे, विसरेल. आपण काही मनापासून बोललो नाही. ते शब्द परत घ्यायचे असतात हे तिला सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा इतके दिवस लोटले होते की विषय काढायची भीती वाटायला लागली. मग वर्षं लोटली.

कमळी चांगली मुलगी झाली. चाळीतले सगळेच म्हणायचे, अशी गुणी पोर नाही. ती कधी कोणाशी भांडली नाही. पाण्याच्या रांगेत कोणी पुढे घुसलं तर मागे सरकायची. आईकडून वेणी घालून घेणं तिने त्याच वर्षी बंद केलं. केसांना हात लावायला गेलं की “मी करते” म्हणून दूर व्हायची. दहावी झाल्यावर ती औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. एकदा तिथे रक्तदानाचं शिबिर होतं. तिच्यासोबतच्या सगळ्या मुलींनी रक्त दिलं, आणि कमळी भरपाळीत घरी निघून आली. पोट दुखतंय म्हणाली. रत्नाबाईने ओवा दिला.

सत्त्याण्णव साली उमरोळीचं एक स्थळ आलं. मुलगा अणुवीज केंद्रात कंत्राटदाराकडे वायरमन, घरचे साधे. कमळी एकवीस वर्षांची. तिने नाही म्हटलं. कारण विचारलं तर गप्प. त्याआधीची दोन स्थळंही तिने अशीच घालवली होती. शेवटी गोजराबाईने तिला आपल्या ओट्यावर बसवून घेतलं, आणि संध्याकाळी ती रत्नाबाईकडे आली. कणीक मळत असलेल्या रत्नाबाईसमोर बसून तिने जे ऐकलं ते सांगितलं. पोरीला लग्न नको असं नाही. तिला मूल व्हायची भीती वाटते. नऊ महिने माझं रक्त त्याला पोसणार, त्याचं काय होईल, असं म्हणते.

“तू बोलली होतीस त्या दिवशी,” गोजराबाई म्हणाली. “मी होते तिथं.”

दुसऱ्या दिवशी रत्नाबाईने डबे बंद ठेवले. सोमी गेल्यानंतर पहिल्यांदाच. आनंदालाही न सांगता ती सकाळच्या शटलने मुंबईला गेली. इस्पितळाला नवी इमारत जोडली होती, पण पायऱ्या त्याच होत्या. डॉ. तळपदे आता विभागाच्या मुख्य होत्या, केस पांढरे झालेले. दोन तास बसावं लागलं. आत गेल्यावर रत्नाबाईने नाव सांगितलं तशा त्या उठून उभ्याच राहिल्या. सोमीला त्या विसरल्या नव्हत्या.

रत्नाबाईने सगळं सांगितलं, आपण काय बोललो तेही. ते दहा वर्षांत पहिल्यांदाच ती मोठ्याने म्हणत होती. मग तिने विचारलं, “खरं काय ते सांगा बाई. पोरीचं रक्त वाईट व्हतं का?”

डॉक्टरांनी मदतनिसाला सांगून एक जुनी फाईल मागवली, ती उघडली आणि एक ओळ बोटाने दाखवली. रत्नाबाईला वाचता येत नव्हतं.

“हे शेवटच्या आठवड्यातलं आहे,” त्या म्हणाल्या. “सोमीच्या मगजात कॅन्सरची एकही पेशी दिसत नाही. आमच्या औषधांनी बरंचसं केलं होतं, पण उरलेलं कमळीच्या पेशींनी केलं असेल, असं आज आम्हाला कळतंय. त्यांचं कामच ते असतं. परकं दिसलं की मारायचं. रोग त्यांना परका दिसला. पण त्या नव्या घरात आल्या होत्या, रत्नाबाई. त्यांना सोमीसुद्धा परकी दिसली. एवढं जुळूनही कुठेतरी बारीक फरक राहतो. तो तेव्हा आम्हाला दिसत नव्हता, आणि त्यांना आवरता येईल असं औषध आमच्यापाशी नव्हतं. रक्त चांगलंच होतं. आम्हालाच कमी कळत होतं.”

आता कळतं का, असं रत्नाबाईने विचारलं. पूर्वीपेक्षा बरं, त्या म्हणाल्या. तशी मुलं आता जास्त वाचतात, पण अजून जातातही. रोगाशी लढणाऱ्या पेशी कोणत्या आणि शरीराशी लढणाऱ्या कोणत्या, हे निवडता येईल का, यावर त्यांच्याकडे आणि जगभर काम चाललं होतं. सोमीच्या रक्ताचे नमुने त्यांनी जपून ठेवले होते. कमळीने थोडं रक्त दिलं तर दोन्ही शेजारी ठेवून बघता येईल. पण सक्ती नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आईने गळ घालायची नाही, हेही.

घरी आल्यावर रत्नाबाईने कमळीला समोर बसवलं आणि डॉक्टरांचं बोलणं, जसं लक्षात राहिलं तसं, सांगितलं. फाईलमधल्या ओळीबद्दल सांगितलं. मग म्हणाली, “मी चुकले. त्या दिवशी मी बोलायचं न्हवतं.”

कमळी साडीच्या काठाचा एक धागा बोटाला गुंडाळत होती.

“तू बोललीस म्हणून नाय गं, आई. मला आधीच वाटलं होतं. बाबा बाकावर तुला सांगत होते ना, पेशी भांडतात म्हणून, मी मागंच उभी होते. मला वाटलं, आमी दोघी भांडायचो, म्हणून माजं रक्त पण तिच्याशी भांडलं. मी त्याला मनातनं सांगायची, नको भांडू, नको भांडू. शाळेत बसून सांगायची. तरी ते ऐकेना.” तिने धागा तोडला. “मग तू पण तेच बोललीस.”

पोरीने दहा वर्षं कोणाशी भांडण का केलं नाही, ते रत्नाबाईला त्या क्षणी कळलं. आनंदा दारात उभा होता. तो आत न येता तसाच परत फिरला आणि बराच वेळ नळावर तोंड धूत राहिला.

उमरोळीचं स्थळ तोवर दुसरीकडे ठरलं होतं. कमळीने त्याबद्दल काही विचारलं नाही, आणि तिची भीती पुरती गेली असंही नाही. महिनाभर ती डॉक्टरांच्या निरोपावर काही बोलली नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी केस विंचरता विंचरता म्हणाली, येत्या गुरुवारी जाऊन येऊ.

इस्पितळात रक्त घेणाऱ्या मुलीने अर्ज भरायला घेतला. ज्यांना मगज दिला त्यांचं नाव, नातं, तब्येत आता कशी आहे. कमळीने नाव सांगितलं, सख्खी बहीण म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्या रकान्यापाशी ती थांबली. रत्नाबाईने पुढे होऊन ते सांगितलं. मुलीने मान वर न करता लिहिलं, आणि कमळीला बाही वर करायला सांगितली.

कमळीने हात पुढे केला आणि तोंड फिरवलं नाही. चार छोट्या बाटल्या भरेपर्यंत ती बघत राहिली. सुई निघाल्यावर मुलीने कापसाचा बोळा ठेवला आणि दुसरीकडे वळता वळता म्हणाली, पाच मिनिटं दाबून धरा.

रत्नाबाईने बोट ठेवलं. कमळी दूर झाली नाही. पाच मिनिटं होऊन गेली, बाकावर दुसरी माणसं येऊन बसली, उठून गेली. कापूस केव्हाच कोरडा झाला होता. रत्नाबाई तो दाबून बसली होती, आणि कमळीने तिला, आता पुरे, असं म्हटलं नाही.