तिसऱ्या पोटाचं नाव

उदगीरच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. अवयवांना मराठी नावं द्यावीत ती पाटील सरांनीच, असं लोक म्हणत. लोक कमी पडले की मी स्वतः म्हणत असे. आद्यांत्र, मध्यांत्र, शेषांत्र ही लहान आतड्याच्या तीन भागांची नावं माझी पोरं झोपेतून उठवलं तरी सांगायची.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी लातूरच्या एका संस्थेनं काम दिलं. गावोगावी पशुसखी असतात. बचत गटातल्याच बाया, शेळ्या-गाईंना जंताचं औषध पाजतात, दुखणं वेळेत ओळखून डॉक्टरला फोन करतात. त्यांच्यासाठी इंग्रजीतली एक पुस्तिका मराठीत आणायची होती. डाव्या पानावर माणसाची पचनसंस्था, उजव्या पानावर गाईची. माणूस माझ्या वाट्याला आला आणि गाय गेली डॉ. जया सोनकांबळेकडे. शब्दांवरून मतभेद झाले तर निर्णय माझा राहील, असं पत्रात लिहिलं होतं. ते वाक्य मी बायकोला, बसम्माला, दोनदा वाचून दाखवलं.

जया माझीच विद्यार्थिनी. मुखेडहून येऊन वसतिगृहात राहिलेली, हुशार पण घुमी. पुढे जनावरांची डॉक्टर झाली आणि मुखेडलाच नोकरीला लागली. विद्यार्थी मोठा झाला की गुरूची छाती फुगते म्हणतात. माझीही फुगली होती, जया तिकडे मुखेडला होती तोवर.

गाईला चार पोटं. वर्गात मी त्यांची नावं सांगायचो ती अशी: रोमंथिका, जालिका, पटलाशय आणि जठर. यातला पटलाशय तर माझा स्वतःचा, कोश उघडून घडवलेला. जया कागद घेऊन घरी आली, त्यात होतं कोटीपोट, जाळीपोट, पोथी आणि खरं पोट. बाकीचे तीन शब्द गुराढोरांच्या पुस्तकांत सापडतात, त्यांचं मला काही वाटलं नाही. ही पोथी कुठून आली, ते विचारलं.

ती सांगायला लागली. त्यांच्या घरी रविवारी वजडी यायची, म्हणजे बोकडाचं पोट आणि आतडी. ती धुवायचं काम आईकडे, सरजाबाईकडे, आणि आईच्या हाताखाली जयाकडे. तिसरं पोट उघडलं की आत नुसती पानं. एकेक पान अंगठ्यानं उलटायचं, मधली घाण पाण्यात सोडायची, मग पुढचं पान. एक जरी राहिलं तरी जेवताना दाताखाली कचकच. आई बजावायची, "पोथी नीट वाच, पान गाळू नको."

मी कप खाली ठेवला. हा शब्द बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बेडूक आणि झुरळ यांच्यापुढे माझी सुरी कधी गेली नाही. तिसरं पोट मी एकतीस वर्षं तक्त्यावर छडी ठेवून दाखवलं, आणि ही पोरगी आठव्या वर्षापासून ते अंगठ्यानं उलटत होती. बरं, पोथी तरी कुणाची? दर श्रावणात भस्म लावून, पाटावर बसून पोथी वाचतो मी. महिनाभर पानं उलटतो मी. आणि शब्द सुचावा सरजाबाईला. मला जयाचा इतका हेवा वाटला की तिला जेवून जा म्हणायचंही राहिलं.

ती गेल्यावर मी बसम्माला सगळं सांगितलं. ती कानाला हात लावेल अशी माझी अपेक्षा. ती खुदकन हसली.

"पानं हायत तर पोथीच की वो. तुमचं ते पटलाशय कुनाला पटलंय?"

मी म्हणालो, शिवभक्ताच्या घरात असलं बोलणं शोभत नाही. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, देवाला मधी आणू नका, होट्टेकिच्चू हाय ते. तिचं माहेर भालकीकडचं, वर्मावर बोट ठेवायचं असलं की ती कन्नडात जाते. दुसऱ्याचं बरं झालं की मराठी माणसाच्या पोटात दुखतं, कन्नड माणसाच्या पोटाला आग लागते. दोन्ही भाषांनी दुखण्याची जागा अचूक सांगितली आहे. मी तिला सांगितलं, ॲसिडिटी आहे.

दुसऱ्या दिवशी पोथीवर लाल रेघ मारली, वर पटलाशय लिहिलं आणि समासात टीप टाकली: 'धार्मिक भावना दुखावण्याची शक्यता.' कुणाच्या, ते लिहिलं नाही. संस्थेनं मुकाट्यानं मान्य केलं. अशा वाक्याला सहसा कुणी हरकत घेत नाही.

मग मी जयाच्या फोनची वाट पाहू लागलो. ती भांडणार, मी तीन मुद्द्यांत उत्तर देणार, हे पक्कं ठरलं होतं. मुद्दे कागदावर तयार होते. आठवडा गेला, महिना गेला, पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर दोघांची नावं, माझं वर. फोन नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. आपण जळायचं आणि समोरच्याला पत्ताच नाही, यासारखा दमवणारा उद्योग नाही.

फेब्रुवारीत देवणीला पशुसखींचं प्रशिक्षण होतं. सभागृहात चाळीस बाया, मागच्या खुर्चीवर जया, पहिला तास माझा. माणसाचं पान झालं, गाईचं पान आलं. वाचायला पंचफुलाबाई उभ्या राहिल्या, पन्नाशीच्या, दोन देवणी गाई सांभाळणाऱ्या. अक्षरावर बोट ठेवत त्यांनी वाचलं, "तिसरं पोट. पाटलाशय."

मी दुरुस्ती केली. त्यांनी पुन्हा पानाकडे पाहिलं, मग मुखपृष्ठाकडे, मग माझ्याकडे.

"पाटील सर तुमीच न्हवं का?"

मी हो म्हणालो.

"मंग बराबर हाय," त्या शेजारणीला म्हणाल्या. "सरांनी गाईच्या पोटाला सवताचं नाव देलंय."

सभागृह हसलं. चौथं पोट कुणाच्या नावावर आहे, असंही एकीनं विचारलं, सातबाऱ्याचं विचारावं तसं. मी घाम पुसला. चुकून का होईना, पण त्या बाईनं माझं पोट बरोबर वाचलं होतं.

पंचफुलाबाईंना मात्र हसण्यात रस नव्हता. त्यांच्या एका गाईनं मागच्या महिन्यात रवंथ सोडलं होतं, शेण खडकासारखं पडत होतं. तिसऱ्या पोटात चारा सुकून बसलाय, असं डॉक्टर म्हणाले होते. गाय वाचली, पण चारा तिथं अडकतो कसा हे त्यांना कळलं नव्हतं. "आत काय ऱ्हातंय सर, त्ये सांगा," त्या म्हणाल्या.

मी फळ्यावर आकृती काढली. पटल म्हणजे पडदा, आशय म्हणजे साठवणीची जागा, अशी फोड केली. चाळीस चेहरे तसेच. दुसऱ्या वाटेनं गेलो, तिसऱ्या वाटेनं गेलो. मागं जयाकडे पाहिलं, की तिनं तरी तो शब्द उच्चारावा. ती माझ्या फळ्याकडे बघत होती, अकरावीत बघायची तशी. शेवटी मीच म्हणालो, "आत पानं असतात. एकावर एक. पोथीसारखी."

"पोथी व्हय. मंग पानापानात सुकला चारा," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि बसल्या. भराभर पेनं निघाली. बायांनी छापलेल्या शब्दावर काट मारून वर पोथी लिहिलं. कुणाचीही भावना दुखावली नाही.

चहाच्या सुट्टीत जया माझा कप घेऊन आली. आता पोटात ठेवणं मला जमेना. "जया, तुझा शब्द मी मुद्दाम खोडला," मी म्हणालो. "तो चुकीचा नव्हता. तुझा होता म्हणून खोडला."

"मला वाटलं, सरांनी खोडला म्हणजे आपलाच गावठी असणार," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं की मुखेडच्या बायांकडून तिनं पटलाशय तीन दिवस घोकून घेतला होता. त्याच्या आधी घरी आईकडून. आईची जीभ वळेना, महिना लागला. पण आता आई पोथी म्हणत नाही. गल्लीत दुसरं कुणी म्हणालं, तर तीच थांबवून त्यांना नीट शब्द सांगते.

मी म्हणालो, फोन लाव आईला. मला माफी मागायची होती आणि तिचा शब्द तिला परत द्यायचा होता. जयानं फोन लावला, पाटील सर बोलतायत एवढंच सांगितलं आणि माझ्या हातात दिला. पलीकडे सरजाबाईंनी घसा खाकरला. वर्गात उभं केल्यासारखं, मी काही विचारायच्या आतच, त्यांनी एकेक अक्षर सोडवून म्हटलं, "प-ट-ला-शय. बराबर हाय न्हवं, सर?"

जया माझ्याकडे बघत होती.

"बरोबर आहे, सरजाबाई," मी म्हणालो.