नाव विचारल्याशिवाय गोळी नाही

पेपरमिंटच्या गोळ्या! पेपरमिंटच्या गोळ्या चघळत चघळत पोरी म्हणे औषध द्यायला शिकणार! भवानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती आठवडाभर उतरायला तयार नव्हती. कुंभकोणमच्या त्या नर्सिंग कॉलेजात औषधांचं प्रॅक्टिकल म्हणजे भवानी मॅडम, हे पोरी पहिल्या दिवशीच शिकत. तिच्यापुढं ट्रे धरताना हात कापायचे त्यांचे, आणि कापायलाच हवेत असं तिचं ठाम मत होतं.

आणि आता हा खेळ. चार खाटा मांडायच्या, पोरींनीच पेशंट होऊन झोपायचं, मनगटाला नावाची पट्टी बांधायची. खेळणारीनं कागदावरचं औषध बघायचं, पेशंटला स्वतः नाव विचारायचं, ते पट्टीशी आणि कागदाशी ताडायचं, मग गोळी द्यायची आणि ती गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. चूक झाली की लाल झेंडा. पोरी नुसत्या खुळ्या झाल्या होत्या. प्रिन्सिपॉल नागलक्ष्मी मॅडमही खुळ्या झाल्या आणि म्हणाल्या, भवानी, सगळ्यांसमोर तुम्ही एकदा खेळून दाखवा. खेळात दम दिसला, तर पुढच्या सत्रापासून प्रॅक्टिकल अक्षयाकडं.

अक्षयाकडं! खरा काटा तो होता. हा खेळ काढणारी, त्याच कॉलेजात शिकवणारी अक्षया ही भवानीची सख्खी धाकटी जाऊ. पिढ्यान्पिढ्या तिकडंच राहिलेल्या एकाच मराठी घरात अक्षया वर, भवानी खाली. एका दीपावळीला अक्षयानं तिरुभुवनमहून आणलेली रेशमी साडी भवानीनं रंग मळखाऊ आहे म्हणून मोलकरणीच्या हाती वर परत पाठवली. त्या दिवशी जो अबोला धरला गेला, तो दोघींनी पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. निरोप जायचा तो अक्षयाच्या नवऱ्यामार्फत, म्हणजे सूर्यामार्फत. तो बिचारा जिन्यातच म्हातारा व्हायची वेळ आली होती. कॉलेजात यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. तिथं दोघी तमिळमध्ये सगळ्यांशी बोलायच्या, फक्त एकमेकींशी नाही, आणि कामाच्या गडबडीत ते खपून जायचं.

खेळाच्या दिवशी भवानी कडक इस्त्रीच्या साडीत हॉलमध्ये शिरली. पहिली खाट चुटकीसरशी झाली. दुसऱ्या खाटेवरच्या पोरीला त्या औषधाची ॲलर्जी आहे हे तिनं असं पकडलं, की पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. तिसरीही निर्विघ्न पार पडली. हा काय खेळ झाला, असं तिला वाटलं, आणि छाती जराशी फुगली.

चौथ्या खाटेवर अक्षया झोपली होती. तिथं झोपायची ती पोरगी, जननी, तापानं हॉस्टेलवर पडली, म्हणून म्हणे स्वतः अक्षया आडवी झाली. म्हणे! मनगट चादरीखाली, डोळे छताकडं. भवानी खाटेपाशी गेली आणि थबकली. पेशंटचं नाव विचारायचं म्हणजे हिच्याशी बोलायचं, तेही आधी! मेले तरी नाही, असं ती मनातल्या मनात म्हणाली. खाटेला कागद अडकवलेला होता, त्यावर हृदयाचं औषध होतं. तिनं ट्रेमधली ती गोळी उचलली आणि न बोलता पुढं केली. अक्षयानंही न बोलता गिळली, आणि चादरीतून मनगट बाहेर काढलं. पट्टीवर नाव वेगळंच होतं. कागद मुद्दाम दुसऱ्या पेशंटचा लावला होता. अक्षयानं शांतपणे डोळे मिटले. लाल झेंडा वर गेला. पेशंट मेली.

पुढच्या रांगेतल्या नित्यानं अगदी सरळ मनानं विचारलं, की मॅडम, तुम्ही नाव का नाही विचारलंत? आता काय सांगणार? जावेशी बोलत नाही, म्हणून माणूस मारलं? तेवढं कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

"विसरले," भवानी म्हणाली.

विसरले! आयुष्यभर पोरींच्या कानीकपाळी ओरडून जे शिकवलं, ते विसरले! सत्यापेक्षा तेच तोंडातून सोपं निघालं, याची तिला स्वतःचीच किळस आली. नागलक्ष्मी मॅडम म्हणाल्या, पोरींना एक संधी मिळते तशी तुम्हालाही. तीच खाट पुन्हा करा.

भवानी पुन्हा खाटेपाशी उभी राहिली. एका पारड्यात प्रॅक्टिकल होतं, दुसऱ्यात इतक्या वर्षांची अढी.

"अम्मा, तुमचं नाव सांगा," ती तमिळमध्ये म्हणाली.

अक्षया छताकडं बघत राहिली. भवानीनं पुन्हा विचारलं. मग ती वाकली आणि घरच्या मराठीत, फक्त तिलाच कळेल असं पुटपुटली, "अक्षया, नाव सांग. खेळ तुझाच आहे."

अक्षयानं मान भिंतीकडं वळवली. नाव सांगितलं असतं तर खेळ नीट पुरा झाला असता, भवानी मॅडमसुद्धा खेळातून शिकल्या असं म्हणत पोरींनी हॉल डोक्यावर घेतला असता, आणि प्रॅक्टिकल अक्षयाच्या पदरात पडलं असतं. हे तिला कळत नव्हतं थोडंच! पण तिनं ओठ घट्ट आवळले.

भवानी ताठ झाली. "पेशंट नाव सांगत नाही. पट्टी आणि कागद जुळत नाहीत. गोळी देणार नाही, डॉक्टरांना बोलावते," ती मोठ्यानं म्हणाली.

अगदी बरोबर, असं नागलक्ष्मी मॅडम म्हणाल्या. पेशंट झालेली बाई साधं नाव सांगायला अडून बसली, हेही त्यांनी नीट पाहिलं होतं, आणि त्यांचं तोंड आंबट झालं होतं. खेळ सध्या राहू दे, प्रॅक्टिकल भवानींकडंच, असं सांगून त्या निघाल्या. पोरी भवानीभोवती गोळा झाल्या.

अक्षया उठली. पेपरमिंटच्या गोळ्या तिनं डब्यात भरल्या, पट्टी सोडली आणि भवानीच्या अंगावरून दाराकडं गेली. हातचं सगळं गेलेलं, आणि चेहरा बघावा तर सणाचं जेवण जेवून उठल्यासारखा.

भवानीच्या हातात प्रॅक्टिकल होतं आणि अंगाचा नुसता जाळ झाला होता. बोलली होती ती. आधी तीच बोलली होती, दोनदा, आणि तिसऱ्यांदा नाव घेऊन.