थंड खोलीतली पट्टी

बत्तीस वर्षं मी एका पट्टीपायी सरांवर दात धरून होते. बाकी आयुष्य तसं मजेत गेलं, हेही सांगून टाकते.

मी प्रथिनं वेगळी करते. पेशी फोडायच्या, त्यांचा रस जेलीसारख्या पातळ चकतीत भरायचा आणि वीज सोडायची. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. मग चकती रंगवली की प्रत्येकाची आडवी पट्टी दिसते. सासूबाई घरी आलेल्यांना सांगतात, "आमची सून जेली करते, पण खायची नाही हो ती."

सरांच्या हाताखाली शिकत होते तेव्हा यीस्टच्या नमुन्यात मला एक फिकट पट्टी दिसली. कुठल्याच यादीत न बसणारी. नमुना थंड खोलीत तयार केला की हटकून यायची, बाहेर टेबलावर केला की गायब. मी हुरळून गेले. जरा ऊब लागली की मोडणारं हे कुणीतरी नवंच नाजूक प्रथिन, असा माझा सिद्धांत. दुसऱ्या कुणाला ती पट्टी मिळेना, तर सगळे म्हणाले, हिच्या हातातच जादू आहे. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा कचरा आहे. लेखात घालायचा नाही."

मी हट्टाने पेशींशिवायचा रिकामा नमुना चालवून दाखवला; बाहेरची घाण असती तर ती त्यातही दिसली असती. त्यात पट्टी नव्हती. तरी सर ढिम्म. ती चकती मी वाळवली, दोन पारदर्शक कागदांत दाबली आणि टेबलाच्या खणात जपून ठेवली. पुढे माझी स्वतःची प्रयोगशाळा झाली, नाव झालं. पण त्या खणाकडे नजर गेली की अजून डोकं तापायचं.

यंदा निवृत्ती आली. निरोपाच्या भाषणाला सरांना मुद्दाम बोलावलं, आणि पट्टीचा तुकडा कापून मशीनवालीकडे दिला. प्रथिनाचे बारीक तुकडे करून त्याची ओळख सांगणारं यंत्र ती चालवते.

"काय निघायला हवंय, मॅडम?" तिने विचारलं.

"सरांची जिरवणारं काहीही."

चार दिवसांनी ती हसू दाबत आली. "मॅडम, तुम्ही मेंढ्यांवर कधी काम केलंय?"

"छे! यीस्टवर."

"मग यात लोकर आहे. मेंढीची. शेजारचा कोरा तुकडाही तपासला, तिथे काही नाही."

मी स्टुलावर बसले. लग्नानंतर "चार डिग्रीत बसतेस, आजारी पडशील" म्हणत सासूबाईंनी मला निळा स्वेटर विणून दिला होता. थंड खोलीत शिरताना तो घालायचा, बाहेर आल्यावर खुंटीला. त्याचे तंतू नमुन्यांत पडत होते. आणि तो रिकामा नमुना मी बाहेर टेबलावर तयार केला होता. थंडीची गरज फक्त पेशींना, रिकाम्या पाण्याला कशाला, असा विचार केला होता मी. शहाणीच! उबेत प्रथिन मोडत नव्हतं. उबेत मी स्वेटर काढत होते.

वाईट वाटलं, खूप वाटलं. सर बरोबर होते हे तर गिळवेना. भाषणातून ती पट्टी गुपचूप गाळता आली असती. कुणाला कळणार होतं?

घरी सासूबाई उशीच्या अभ्र्याला बटण लावत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. सुई थांबली.

"म्हणजे मी तुझं काम बिघडवलं?"

"नाही हो, आई. तपासणीत चूक माझी झाली."

"बघू तरी."

त्यांनी चकती खिडकीसमोर धरली, डोळे बारीक केले. "एवढीशीच? पण लोकर पारखून घेतली होती हं मी." मग हळूच म्हणाल्या, "सांगशील का तिथे? मला यायचंय."

भाषणात मी पहिलंच चित्र त्या पट्टीचं लावलं आणि स्वेटरची सगळी गोष्ट सांगितली. पहिल्या रांगेत सर, शेजारी सासूबाई. "सर," मी म्हटलं, "कचराच होता. आणि तो करणाऱ्या बाई तुमच्या शेजारी बसल्यात." सभागृह हसलं. सासूबाईंनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. आता टोमणा येणार म्हणून मी तयारीत राहिले. पण ते सासूबाईंकडे वळले.

"बाकीची मुलं त्या खोलीतून पंधरा मिनिटांत कुडकुडत बाहेर यायची," ते म्हणाले. "ही तिथे तासन्‌तास कशी बसायची, ते मला आज कळलं."